निशाणी नांगरापासून डिजिटल सहीपर्यंत

बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटच्या पायथ्याशी वडवणी हे तालुक्याचे गाव लागते. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळीनंतर या तालुक्यातली पुष्कळशी कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती पाडव्याच्या सुमारास परततात. शाळेच्या हजेरीपटावर याचा परिणाम काय होतो, हे त्या भागातल्या शिक्षकांना सांगायला नको.

निघण्यापूर्वी या कुटुंबाचे दोन करार होतात. पहिला मुकादमाशी. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरतात आणि त्या कोयत्यामागे ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम घेतली जाते. ती हंगामभर ऊस तोडून फेडायची असते. हा करार कधी तोंडी असतो, कधी मुद्रांकावर सही किंवा अंगठा घेऊन होतो. दुसरा करार घरात होतो. मूल बरोबर न्यायचे नसेल, तर ते आजी-आजोबांकडे, चुलत्याकडे किंवा वसतिगृहात ठेवायचे. खाणेपिणे कोणी पाहायचे, आजारी पडले तर दवाखान्यात कोणी न्यायचे, पैसे कोणी आणि कधी पाठवायचे, हे सगळे ठरते, पण कागदावर येत नाही. पैशाचा करार लिहिला जातो, मुलाचा लिहिला जात नाही.

आता मोबाईलवर करार ‘साइन’ करता येतो. मोठ्या शहरांतली पाळणाघरे आणि परदेशांतली बालसंगोपन केंद्रे पालकांकडून अशा सह्या घेऊ लागली आहेत. मग वडवणीतल्या आईलाही फोनवरून असा करार करता येईल का? तांत्रिकदृष्ट्या येईल. पण त्या सहीने नेमके काय सिद्ध होईल आणि काय होणार नाही, हे समजण्यासाठी सहीचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

कोणत्याही सहीला आपण तीन प्रश्न विचारू शकतो. सही कोणी केली? सही केल्यानंतर मजकूर बदलला तर नाही ना? आणि सही करणाऱ्याला मजकूर समजला होता का, ती त्याने राजीखुशीने केली का? या तीन प्रश्नांची उत्तरे माणसाने निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या मार्गांनी शोधली आहेत.

निशाणी आणि मर्यादा

मराठेशाहीतले मोडी कागद पाहिले तर अनेक ठिकाणी नावापुढे ‘निशाणी नांगर’ असे लिहिलेले आढळते. लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगराची छोटीशी आकृती काढत असे. शिपाईगडी कट्यार काढी, बाईची निशाणी बांगडी असे. माणसाचे नाव लिहिणारा दुसरा, निशाणी करणारा हा. आता गंमत अशी की गावातल्या सगळ्या कुणब्यांची निशाणी नांगरच! मग हा नांगर कोणाचा, हे कसे कळणार? ते निशाणीवरून कळतच नसे. ते कळे खाली नोंदवलेल्या साक्षीदारांवरून. पाटील, कुलकर्णी, शेजारीपाजारी यांच्यासमक्ष व्यवहार होई आणि ‘हा आमच्यासमोर झाला’ एवढे ते सांगत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा गावाच्या आठवणीत साठवलेले होते.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र त्या काळच्या दफ्तरदारांनी चांगली युक्ती काढली होती. पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असे आणि मजकूर जेथे संपतो तेथे मोर्तब, म्हणजे छोटी ‘मर्यादा’ मुद्रा. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी अशी मर्यादा मुद्रा दिसते. तिचा अर्थ असा की लेखन येथे संपले. यापुढे कोणी काही लिहिले असेल तर ते आमचे नव्हे. लांब पत्रासाठी कागदाचे बंद एकमेकांना चिकटवत. मधला एखादा बंद काढून दुसरा घालता येऊ नये म्हणून पाठीमागे जोडावरही शिक्का मारण्याची पद्धत होती. शिक्क्याचा अर्धा भाग एका बंदावर, अर्धा दुसऱ्यावर. बंद बदलला की शिक्का जुळत नाही. ही युक्ती ध्यानात ठेवावी. संगणकाच्या सहीत ती वेगळ्या वेषात पुन्हा भेटणार आहे.

कोनाईचा पंजा

१८५८ साल. बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल हा तरुण इंग्रज अधिकारी रस्त्यासाठी लागणाऱ्या खडीचा करार करत होता. कंत्राटदाराचे नाव राज्यधर कोनाई. आपण सही केलीच नाही असे पुढे म्हणण्याचे कोनाईच्या मनातही येऊ नये, म्हणून हर्शेलने त्याच्या तळहाताला शिक्क्याची शाई लावली आणि करारनाम्याच्या मागे त्याचा पंजा उमटवला. हेतू शास्त्रीय नव्हता, धाक बसवण्याचा होता. पण हर्शेलला पुढे छंदच लागला. त्याने वर्षानुवर्षे त्याच त्या माणसांचे ठसे घेतले आणि बोटांवरच्या रेषा वयानुसार बदलत नाहीत, हे त्याच्या लक्षात आले. १८७७ साली हुगळी येथे त्याने दस्तनोंदणी आणि निवृत्तिवेतनाच्या कामात ठसे घ्यायला सुरुवात केली.

१८८० साली हेन्री फॉल्ड्स यांनी ठशांवरून गुन्हेगार ओळखता येतील असे ‘नेचर’मध्ये लिहिले. १८९२ साली फ्रान्सिस गाल्टन यांचे ठशांवरचे पुस्तक आले. पण हजारो ठशांतून हवा तो शोधायचा कसा, हा प्रश्न उरलाच होता. कलकत्त्यात एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काम करणारे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी करण्याची पद्धत बसवली. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे नोंदवणारे कार्यालय सुरू झाले. पद्धतीला नाव मात्र हेन्रींचे मिळाले.

नांगराच्या निशाणीपेक्षा अंगठा एका बाबतीत फार पुढचा आहे. दोन माणसांचे ठसे सारखे आढळत नाहीत, त्यामुळे ‘कोणी?’ या प्रश्नाला गावाची साक्ष न काढता उत्तर मिळते. पण या प्रगतीची दुसरी बाजूही पाहायला हवी. निशाणी करताना निदान चार माणसे भोवती बसत, मजकूर वाचला जाई. अंगठा घ्यायला मात्र एक माणूस आणि शाईची गादी पुरते. अंगठा कोऱ्या कागदावरही घेता येतो!

रोखे का जाळले?

तिसरा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे १८७५ साली दख्खनने दाखवून दिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. दंगेखोरांचा रोख सावकारांच्या जिवावर फारसा नव्हता. त्यांना हवे होते ते रोखे, खते, गहाणपत्रे. ती मिळाली की त्यांची होळी करत. ज्या कागदांवर आपली निशाणी आहे, त्या कागदांत काय लिहिले आहे हे आपल्याला कधी कळलेच नाही, ही त्यामागची तक्रार होती.

सरकारने आयोग नेमला आणि त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला. त्यातली एक तरतूद आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. शेतकऱ्याने करून दिलेला कर्जाचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे. निबंधकाने माणसाची ओळख पटवून घ्यायची, दस्त आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यायचा, तो मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मगच सही किंवा निशाणी घ्यायची. वाचून दाखवणे हा सही करण्याचाच एक भाग ठरला.

त्याआधी सात वर्षे, १८७२ साली, भारतीय करार कायदा झालेला होता. त्यात संमतीची व्याख्या फार नेटकी आहे. दोन माणसांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणे म्हणजे संमती. ही संमती जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, फसवणूक, चुकीची माहिती किंवा चूक यांतून आलेली नसावी. दडपणाच्या कलमात अडचणीत सापडलेल्या माणसाचा वेगळा विचार केला आहे. म्हणजे तिसरा प्रश्न कायद्याला ठाऊक होता. पण कायद्याचे पुस्तक आणि सावकाराचे दुकान यांत जे अंतर होते, ते भरून काढायला मोठ्याने वाचणारा माणूस लागला.

वडवणी आणि सगळा बीड जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे १८७९ चा कायदा येथे लागू नव्हता. शेजारच्या अहमदनगरात जे संरक्षण कागदावर तरी आले, ते सीमेपलीकडच्या बीडमध्ये नव्हते.

मूल गहाण टाकता येत नाही

आतापर्यंत आपण ज्याची सही त्याचाच व्यवहार पाहिला. मुलाचा करार याहून वेगळा असतो. मूल स्वतः करार करू शकत नाही. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबीच्या खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे मुलाविषयीच्या कागदावर सही आईबापांची आणि परिणाम मुलावर.

याचा गैरवापर कसा होतो, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत विडीच्या आणि गालिच्यांच्या धंद्यांत दिसून आले. आईबाप आगाऊ रक्कम घेत आणि त्या बदल्यात मुलाचे श्रम बांधून देत. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कामगार आयोगाने हा प्रकार उजेडात आणला आणि १९३३ साली मुलांचे श्रम गहाण टाकण्याविरुद्ध कायदा झाला. मोबदला घेऊन पंधरा वर्षांखालील मुलाचे श्रम बांधून देणारा करार, मग तो लेखी असो वा तोंडी, रद्दबातल ठरला.

या कायद्यात एक अपवाद ठेवला होता आणि तो मुद्दाम पाहण्यासारखा आहे. करारापासून मुलाला अपाय नसेल, वाजवी मजुरीखेरीज दुसरा कोणताही लाभ त्यामागे नसेल आणि एका आठवड्याहून जास्त नाही इतक्या मुदतीची सूचना देऊन तो मोडता येत असेल, तर तो करार या बंदीत येत नव्हता. आज मुलांना कामाला लावण्याचे समर्थन कोणी करणार नाही. पण कसोट्या पाहा. मुलाला अपाय नको, मुलाच्या आड दुसरा व्यवहार नको आणि बाहेर पडण्याची वाट मोकळी हवी. सांभाळण्याच्या करारालाही याच कसोट्या लावता येतील. सही कितीही अस्सल असली तरी काही गोष्टींवर सही करताच येत नाही, हा धडा १९३३ चा आहे. १९७६ साली वेठबिगारी रद्द करणारा कायदा आला, त्याने कर्जापोटी माणूस बांधून ठेवणारे सगळेच करार मोडीत काढले.

मुलाच्या वतीने सही कोणाची, हाही प्रश्न आहेच. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा. त्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई, असे लिहिले आहे. या ‘नंतर’चा अर्थ केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर असा घ्यायचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सांगितले. वडील हजर नसतील किंवा मुलाकडे लक्ष देत नसतील, तर आईही पालक म्हणून निर्णय घेऊ शकते. कोयत्याच्या करारात बाई नवऱ्याच्या नावाखाली झाकली जाते, मुलाच्या करारात तसे होण्याचे कारण नाही.

दोन किल्ल्यांची युक्ती

आता संगणकाकडे वळू. मोबाईलच्या पडद्यावर बोटाने गिरवलेले नाव म्हणजे डिजिटल सही, असा पुष्कळांचा समज असतो. ते केवळ चित्र आहे आणि चित्राची नक्कल करता येते. खरी डिजिटल सही हे एक गणित आहे.

१९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक विलक्षण कल्पना मांडली. कुलूप लावायची किल्ली आणि उघडायची किल्ली वेगवेगळी ठेवायची. एक गुप्त, एक जाहीर. जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली शोधता येऊ नये. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणणारी रीत शोधली. १९७८ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि तिघांच्या आद्याक्षरांवरून आरएसए या नावाने ओळखली जाते. ब्रिटनच्या गुप्त संदेश खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ सालीच अशी रीत शोधली होती, पण ती १९९७ पर्यंत गुप्त राहिली.

ही रीत आठवी-नववीच्या वर्गात करून पाहता येते. दोन मूळ संख्या घ्या, ३ आणि ११. त्यांचा गुणाकार ३३. दोन्हींतून एकेक वजा करून गुणाकार केला की २ × १० = २०. आता अशा दोन संख्या हव्यात की ज्यांच्या गुणाकाराला २० ने भागल्यावर बाकी १ उरेल. ३ आणि ७ चालतील, कारण ३ × ७ = २१. सही करणाऱ्या आईची जाहीर किल्ली ३ आणि ३३. गुप्त किल्ली ७.

समजा, मूल सांभाळण्याबद्दल दरमहा ४,००० रुपये द्यायचे असा करार आहे. या मजकुराचा आपण एक ‘गोषवारा’ काढू. सोयीसाठी रकमेतल्या अंकांची बेरीज घ्या, म्हणजे ४. आई काय करते? ४ चा सातवा घात काढते, तो १६,३८४. याला ३३ ने भागले की बाकी उरते १६. ही १६ म्हणजे तिची सही. आता ज्याला तपासायचे आहे तो सहीचा तिसरा घात काढतो, १६ × १६ × १६ = ४,०९६. याला ३३ ने भागले की बाकी ४. कराराचा गोषवारा ४, सहीतून निघालेला आकडाही ४. सही खरी.

कोणी ४,००० चे ९,००० केले तर? गोषवारा होईल ९, पण सहीतून निघतो ४. जुळत नाही. खोटेपणा उघडा पडला. ९ साठी नवी सही करायची तर ९ चा सातवा घात हवा आणि ७ ही संख्या तर फक्त आईजवळ आहे. (ती सही १५ येते. विद्यार्थ्यांना ताळा करू द्यावा.)

चौकस विद्यार्थी येथे लगेच दोन शंका काढतील आणि त्यांनी त्या काढायलाच हव्यात. पहिली, ४,००० वर एक शून्य वाढवून ४०,००० केले तर बेरीज ४ च राहते! बरोबर. म्हणून खऱ्या व्यवहारात गोषवारा काढायच्या रीती फार गुंतागुंतीच्या असतात. सध्या प्रचलित असलेली एक रीत कितीही लांब मजकुराचा २५६ अंकांचा, केवळ शून्य आणि एक यांनी बनलेला गोषवारा काढते. एक स्वल्पविराम बदलला तरी तो पार बदलतो. दुसरी शंका, ३३ चे ३ आणि ११ हे अवयव कोणीही पाडील आणि ७ शोधील. तेही बरोबर. म्हणून प्रत्यक्षात ३३ च्या जागी सहाशेहून जास्त अंकी संख्या घेतात. तिचे अवयव पाडण्याची व्यवहारात उपयोगी पडेल अशी रीत आजच्या संगणकांना साध्य झालेली नाही.

जोडावरचा शिक्का आठवतो ना? गोषवारा हे त्याच शिक्क्याचे काम करतो. पहिल्या दोन प्रश्नांना डिजिटल सहीने दिलेली उत्तरे निशाणी, अंगठा आणि शाईची सही या सर्वांहून पक्की आहेत. आता तिसऱ्या प्रश्नाचे काय, ते पाहू.

किल्ली कोणाच्या हातात?

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला आणि डिजिटल सहीला कायद्याची मान्यता मिळाली. जाहीर किल्ली अमक्याचीच आहे असे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि त्यांच्यावर देखरेख करणारा नियंत्रक, अशी व्यवस्था उभी राहिली. २००८ च्या दुरुस्तीने सहीच्या इतर इलेक्ट्रॉनिक पद्धतींनाही वाट करून दिली. त्याच दुरुस्तीने हेही स्पष्ट केले की करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला, एवढ्याच कारणाने तो अग्राह्य ठरत नाही.

सामान्य माणसाने गुप्त किल्ली सांभाळायची कोठे, ही अडचण होती. २०१५ पासून ‘ई-साइन’ची सोय झाली. आधार क्रमांक द्यायचा, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगायचा किंवा यंत्रावर बोट ठेवायचे. ओळख पटली की दूरच्या सुरक्षित यंत्रात क्षणापुरती किल्ली तयार होते, सही होते आणि किल्ली नष्ट केली जाते. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. कोनाईच्या पंजाने सुरू झालेला प्रवास असा पुन्हा बोटावर आला.

आता ही व्यवस्था ऊसतोडीच्या कुटुंबाला लावून पाहू. ऊस मोळून, पाचट ओढून हात घासतात. बोटांवरच्या रेषा झिजल्या की यंत्र ठसा ओळखत नाही, हा कष्टकऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे. मग उरतो ओटीपी. तो ज्या मोबाईलवर येतो, तो कोणाच्या हातात आहे? घरात एकच फोन असेल तर तो बहुधा पुरुषाकडे असतो. आधारला जोडलेला क्रमांक जुना, बंद पडलेला किंवा दुसऱ्याचाच असू शकतो. फोन दुसऱ्याच्या हातात असेल तर सहीही त्याच्याच हातात. गणितात कोठेच चूक नसते, १६ चा घन करून ३३ ने भागले की ४ च येतात. पण आईने तो मजकूर कधी पाहिलेलाच नसतो.

कोऱ्या मुद्रांकावरचा अंगठा निदान कोर्टात वादाचा विषय होतो. डिजिटल सही तपासून ‘खरी’ ठरली की तिच्यावर शंका घेणे गरिबाला अधिकच अवघड जाते. सही जितकी पक्की, तितकी ती घेण्यापूर्वीची काळजीही जास्त घ्यावी लागते.

सांभाळण्याचा करार

मूल सांभाळण्याच्या कराराला सरकारे अलीकडे महत्त्व देऊ लागली आहेत. ऑस्ट्रेलियात जुलै २०१८ पासून पाळणाघराच्या फीसाठी नवे सरकारी अनुदान सुरू झाले. ते हवे असेल तर पालक आणि केंद्र यांच्यात लेखी व्यवस्था ठरलेली असावी लागते आणि ती इलेक्ट्रॉनिक रूपात चालते. कोणत्या दिवशी, किती वेळ, किती फी, हे तीत येते. आपल्याकडे २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. कायद्यातल्या सोयींची माहिती नोकरीला लागतानाच बाईला लेखी आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही रीतींनी द्यावी, असेही त्यात होते. उसाच्या फडात मात्र आस्थापना कोणाची हाच वाद. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. कोपीतले तान्हे उसाच्या सरीत झोपते.

मोठ्या मुलांसाठी काही प्रयत्न झाले. १९९० च्या दशकात कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. पुढे मुलाने गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. २०२१ साली राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर केली. या सर्व ठिकाणी आईबाप दूर आणि मूल दुसऱ्याच्या हवाली, अशीच स्थिती असते. म्हणजे सांभाळण्याचा करार लिहिण्याची गरज सर्वांत जास्त येथेच आहे.

तो करार कसा असावा? एका पानाचा असावा. मराठीत, बोलीत समजेल असा असावा. मुलाला रोज कोण पाहील, आजारपणात निर्णय कोणी घ्यायचा, मुलाला घेऊन जाण्याचा अधिकार कोणाकोणाला, पैसे किती आणि केव्हा, आईबापांशी बोलणे आठवड्यातून कधी, हे त्यात असावे. उचलीशी, मुकादमाच्या हिशेबाशी त्याचा धागा कोठेही जोडलेला नसावा. आई किंवा बाप, कोणीही थोड्या दिवसांची सूचना देऊन मूल परत नेऊ शकेल, हे स्पष्ट लिहिलेले असावे. यातला प्रत्येक मुद्दा आपल्याच इतिहासात कोठे ना कोठे येऊन गेलेला आहे.

आणि सही? ती डिजिटल जरूर असावी. हंगामात सहाशे किलोमीटर दूर असलेल्या आईजवळ कराराची प्रत फोनमध्ये राहील, गावातली प्रत कोणी बदलली तर ते उघडकीस येईल, हे फायदे लहान नाहीत. मात्र सहीच्या बटणाआधी एक पायरी सक्तीची हवी. मजकूर मोठ्याने वाचला जावा. वाचणारा माणूस पैशाच्या व्यवहारात नसलेला असावा. ऐकणारीने तो आपल्या शब्दांत परत सांगावा. ‘एकच गोष्ट एकाच अर्थाने’ म्हणजे काय, हे तपासण्याचा याहून सोपा मार्ग नाही. वाचन ध्वनिमुद्रित करून तेही गोषवाऱ्यात घेता येईल, म्हणजे पुढे तेही बदलता येणार नाही. गणिताला ही जोड देणे अजिबात कठीण नाही. कठीण आहे ते वाचणारा माणूस मिळणे.

वडवणीसारख्या तालुक्यात हा माणूस बहुतेक वेळा शिक्षकच असतो. टोळी निघण्याच्या आधी, मूल शाळेत राहावे म्हणून तोच पालकांच्या दारी जातो. ‘येथे अंगठा करा’ किंवा ‘ओटीपी सांगा’ असे म्हणण्यापूर्वी त्याने दहा मिनिटे काढून कागद वाचून दाखवला, तर १८७९ साली निबंधकाकडून अपेक्षिलेले काम होईल. वर्गात ३, ११ आणि ३३ चे गणित शिकलेला मुलगा किंवा मुलगी शेजारी बसून ऐकत असेल तर आणखी उत्तम. घरातल्या कागदात काय लिहिले आहे, हे विचारण्याची सवय त्याला तेथूनच लागेल.